मुखपृष्ठाची तसबीर होते तेव्हा

आश्विन वद्य द्वादशीस गोवत्सपूजन होऊन दीपोत्सवास आरंभ होतो, हे भाविक वाचकांस सांगावयास नको. परंतु मराठी घरात दिवाळीची चाहूल त्याआधीच आणखी एका वाटेने येऊन गेलेली असते. भाजणीचा खमंग वास सुटलेला असतो, आकाशकंदिलाच्या काड्या तासून झालेल्या असतात, आणि कोणीतरी नव्या कोऱ्या दिवाळी अंकांची चळत उंबरठ्याच्या आत आणून ठेवतो. अंक उघडण्यापूर्वी घरातील प्रत्येकजण तो हाती घेऊन एकदा मुखपृष्ठ न्याहाळतो. लेखकांची नावे मागाहून. पहिले दर्शन चित्राचे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे हा परिपाठ अखंड चालू आहे.

आमचा व्यवसाय हरिकीर्तनाचा. त्र्यंबकेश्वरी आमचे घर. हाती चिपळ्या आणि काखेत पोथी, एवढीच आमची सामग्री. चित्रकलेवर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, हे आम्ही जाणतो. तरीही यंदा लेखणी उचलावीशी वाटली, त्याला कारण नवरात्रात रे रोड येथे घडलेला एक लहानसा प्रसंग.

रे रोड हे स्थानक मुंबईच्या हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन आणि डॉकयार्ड रोड यांच्यामध्ये आहे. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव त्यास दिले गेले, आणि १९१० साली कुर्ल्याहून हार्बरची गाडी सुरू झाली ती प्रथम येथवरच. आता तेथे रुळांवरून तारांनी तोललेला नवा पूल गेला आहे. परंतु पुलाखाली उतरले की जुने रे रोड भेटतेच. पूर्वेस दारूखाना, जुनी जहाजे मोडून त्यांचे लोखंड, लाकूड, दारे, खिडक्या विकण्याचा उद्योग तेथे पिढ्यान्पिढ्या चालला. अलीकडे लाकडाच्या वखारी. चिरलेल्या सागाचा वास रस्त्यापर्यंत येतो. गिरगावात किंवा दादरला कीर्तन म्हटले, की श्रोता पुढे काय येणार हे आधीच ओळखून बसलेला असतो. रे रोडला जायचे म्हणताच आमचे पेटीवाले सोबती म्हणाले, “बुवा, तिथे करवतीच्या सुरात पेटी लावावी लागेल.” प्रत्यक्षात तेथील चाळीच्या चौकात जी शांतता आम्हांस लाभली, ती मोठमोठ्या सभागृहांत लाभत नाही. असो.

कीर्तनानंतर यजमानांच्या बिऱ्हाडी प्रसादास गेलो. यजमान एका वखारीत हिशेबनीस होते, आता निवृत्त झाले आहेत. चिरंजीव तसबिरी मढविण्याचे काम करतात. दोन खोल्यांचे घर, पण बाहेरच्या खोलीची भिंत पाहून आम्ही उंबरठ्यावरच थबकलो. सागाच्या बारीक पट्टीच्या चार तसबिरी एका ओळीत लावलेल्या. एकीत पणती घेतलेली नऊवारीतील स्त्री, दुसरीत राधा, तिसरीत गडाच्या बुरुजावर उभा मावळा, आणि चौथीत लोण्याचा गोळा हाती धरलेला बाळकृष्ण, असा लोभस की आमचे हात आपोआप जोडले गेले.

आतल्या खोलीतून यजमानांच्या मातोश्री आल्या. वय ऐंशीच्या पुढे. दृष्टी मात्र स्वच्छ. हसून म्हणाल्या, “बुवा, देव आत आहेत हो. हे दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आहे.”

आम्हीही हसलो. परंतु त्या तेथेच थांबल्या नाहीत. “तुम्ही शास्त्र शिकलेले. तुम्ही हात जोडलेत, म्हणजे मला आता विचारायला हरकत नाही. याच्यापुढे उदबत्ती लावायची की नाही? सून म्हणते लावा, नात म्हणते ते आर्ट आहे. मी रोज इथून जाते आणि रोज अडते.”

कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही शंका उपस्थित करतो आणि आम्हीच तिचे निरसन करतो. त्यात धोका नसतो. येथे प्रश्न दुसऱ्याचा होता आणि उत्तर तयार नव्हते. चहाचा पेला हाती घेऊन आम्ही काही क्षण विचार केला.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात उद्धवाने पूजाविधी विचारला असता भगवंतांनी प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. पाषाणाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, मनोमय आणि रत्नमय. पाचवा प्रकार चित्राचा. म्हणजे रेखाटलेली प्रतिमा ही पूजेस कमी प्रतीची, असे शास्त्र मानीत नाही. तेथेच पुढे सांगितले आहे, की अशा प्रतिमेस स्नान घालावयाचे नाही, केवळ पुसून स्वच्छ करावयाचे. पण प्रतिमा असणे निराळे आणि तिची पूजा चालू असणे निराळे. पूजा संकल्पाने सुरू होते. देवघरातील तसबिरीपुढे कोणीतरी एके दिवशी हात जोडून तो संकल्प केलेला असतो, मग तो पूर्वजांनी केलेला का असेना. दिवाणखान्यातील चित्र त्या संकल्पावाचून भावाचे चित्र राहते. त्यास नमस्कार करावा, त्याकडे पाय करून बसू नये, एवढे पुरे.

आम्ही म्हणालो, “काकू, उदबत्ती लावलीत तर दोष नाही आणि न लावलीत तरीही नाही. मात्र नित्य लावू लागलात, तर मग ती मध्येच सोडू नये.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे जमणार असेल तरच सुरुवात करायची,” त्या म्हणाल्या. “मग राहू दे. धुरानं काच काळी होते, ती पुसायला माझा हात पोचत नाही.”

शास्त्रार्थ इतक्या सरळपणे मिटलेला आम्ही क्वचितच पाहिला आहे.

देव भिंतीवर कसे आले, याचा इतिहास फार जुना नाही. देवळातील भिंतींवर चित्रे होती, पोथ्यांच्या पानांत होती, पैठणीच्या चित्रकथींच्या हाती होती. पण सामान्य गृहस्थाच्या घरात रंगीत देव आले ते छापखान्यामुळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली गिरगावात शिळाछापाचा कारखाना काढला. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड; एकावर एक रंग चढवीत चित्र पूर्ण व्हावयाचे आणि वर रोगणाची चकाकी. तेथून निघालेले पहिले चित्र शकुंतलाजन्माचे, असे सांगतात. पुढे तो कारखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. त्या चित्रांसाठी काम करणाऱ्यांत आमच्या त्र्यंबकचेच एक सुपुत्र होते. १८७० साली एका संस्कृत पंडिताच्या पोटी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. त्यांनी पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ साली रंगीत छपाईच्या ज्ञानासाठी ते जर्मनीस गेले. ज्या वर्षी मराठीत दिवाळी अंक निघाला, त्याच वर्षी हा त्र्यंबकचा गृहस्थ रंगाच्या शोधात समुद्र ओलांडीत होता, हा योग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. चलच्चित्रांचे जनक म्हणून जग त्यांस ओळखते. पण त्याआधी ते कागदावरील देवांचे कारागीर होते.

शास्त्र आणि रंग यांचे वैर नाही, याचा दाखला म्हणून आम्ही आणखी एक नाव घेतो. वेदमूर्ती पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. वेदांची त्यांची संस्करणे आमच्या कपाटात आहेत. पण शंभर वर्षांहून अधिक जगलेले हे ऋषितुल्य पुरुष मूळचे जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, आणि लाहोरात त्यांची चित्रशाळा होती, हे आमच्यातील कित्येक वैदिकांस ठाऊक नसते. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर यांनी चित्रकलेचे धडे घेतले ते या सातवळेकरांपाशी. १९२० साली निघालेल्या त्या मासिकाचे संपादकच चित्रकार होते. हिंदीत ‘कल्याण’ मासिक १९२६ साली प्रथम मुंबईतूनच निघाले, मग गोरखपुरास गेले. त्यातील रंगीत देवचित्रे उत्तरेकडील किती घरांत काचेमागे गेली असतील, त्यास गणती नाही.

परंतु मराठी घराच्या भिंतीवर मासिकाचे मुखपृष्ठ खऱ्या अर्थाने आणले ते दोघा गोमंतकीयांनी. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दलाल १९१६ सालचे, मुळगावकर १९१८ सालचे. दोघेही गोव्यातून मुंबईस आले आणि दोघांनीही याच नगरीत नाव मिळविले. दलालांनी १९४५ पासून स्वतःचा ‘दीपावली’ वार्षिक काढला, मुळगावकरांचा ‘रत्नप्रभा’. त्या काळी अंक घरी आला, की मुखपृष्ठ कोणाचे यावरून दोन तट पडत. आमच्या आत्या मुळगावकरांच्या बाजूच्या, वडील दलालांच्या. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगानंतर फराळाच्या ताटावर हा वाद रंगे आणि तो कधीच मिटत नसे.

या वादाचे मूळ आम्हांस फार पुढे, विष्णुधर्मोत्तर पुराण वाचताना सापडले. त्या पुराणाच्या तिसऱ्या खंडात मार्कंडेय ऋषी वज्र राजास चित्रविद्या समजावून सांगतात. त्यास चित्रसूत्र म्हणतात. तेथे एक मार्मिक निरीक्षण आहे. चित्र पाहताना आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायाप्रकाशाची, स्त्रिया अलंकारांची, आणि इतर सर्व जण रंगाच्या श्रीमंतीची. आत्यांना आणि वडिलांना हे कळले असते तर आमचा फराळ शांततेत झाला असता! दलालांचे सामर्थ्य रेषेत. अजिंठ्याच्या लेण्यांपासून लघुचित्रांपर्यंत सारे पचवून ती रेषा आलेली. मानेच्या एका वळणात स्त्रीचे सारे मन येते, बोटांच्या ठेवणीत वय कळते. पदराची कड त्यांनी ओढली म्हणजे वारा कोणत्या दिशेचा हे सांगता येते. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपती’तील त्यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस हे अधिक सांगणे नलगे. मुळगावकरांचे बळ निराळे. रंगाचा सूक्ष्म तुषार उडविणाऱ्या यंत्राने, ज्यास एअरब्रश म्हणतात, ते कांतीवर अशी झळाळी आणीत की कुंचल्याचा फटकारा कोठेच दिसू नये. त्यांच्या देवतांच्या गालांवर आतून दिवा लावल्यासारखा प्रकाश असतो, आणि नथीतील मोती मोजून घ्यावा असा. त्यांस ज्यांचे मार्गदर्शन लाभले ते सा. म. पंडित हेही थोर. ‘फिल्मइंडिया’ मासिकाची मुखपृष्ठे रंगविणारा तोच हात पुढे दिनदर्शिकांवरील देवदेवतांकडे वळला.

आमचे मत विचाराल तर वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत आम्ही आत्यांच्या पक्षात होतो. आता वडिलांच्या पक्षात आहोत. मात्र बाळकृष्ण काढावा तो मुळगावकरांनीच.

हे सारे रंग वाचकापर्यंत पोचत कसे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. मूळ चित्राची छायाचित्रे घेऊन पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या रंगाचे निरनिराळे ठोकळे बनवीत, त्यांस काळ्याची जोड देत, आणि एकच कागद यंत्रातून पुनःपुन्हा काढीत. एखादा ठोकळा केसभर सरकला तर ओठांचा रंग हनुवटीवर उतरे. जुन्या मुखपृष्ठावर भिंग धरून पाहा. सलग वाटणारा रंग बारीक ठिपक्यांचा झालेला दिसेल. ज्या वाचकांच्या घरी जुने अंक असतील त्यांनी मुलांना सुट्टीत हा खेळ जरूर दाखवावा.

कोणते चित्र घरात लावावे, याविषयीही चित्रसूत्रात विचार आहे. घरांत शृंगार, हास्य आणि शांत या रसांचीच चित्रे असावीत; युद्धे, स्मशाने, दुःख आणि मरण यांना देवळांत आणि राजसभांत जागा आहे, घरात नाही, असा तेथील अभिप्राय. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? पणत्या लावणारी गृहिणी, वेणी माळणारी मुलगी, यशोदेच्या मांडीवरचा कृष्ण. संपादकांनी चित्रसूत्र वाचले नसेल; सणाने त्यांच्याकडून ते पाळून घेतले. (१९५१ साली मधुकर पाटकर यांनी काढलेला ‘आवाज’ आणि त्यातील खिडकीचित्रे हास्यरसात मोडतात खरी, पण ती खिडकी आम्ही वडिलांदेखत कधी उघडली नाही.) त्याच पुराणात, गृहस्थाने आपल्या घरात स्वतःच्या हाताने चित्रे काढू नयेत, असेही एक विधान आहे, नातवंडांच्या हाती खडू दिसला की आम्ही ते सोयीस्करपणे विसरतो.

मुखपृष्ठे भिंतीवर लावण्याची हौस केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेत नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने १९१६ ते १९६३ या काळात ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकासाठी तीनशेहून अधिक मुखपृष्ठे रंगविली, आणि त्यांच्या छापील प्रती आजही तेथील घरांत चौकटीत दिसतात. परंतु तेथे चित्रात शेजारीपाजारी असतात. आपल्याकडे शेजारणीबरोबर देवही येतात, आणि म्हणून आपला प्रश्न अधिक नाजूक होतो. गोदातीरावर राहणाऱ्या आम्हांस त्याचे दुसरे टोक नित्य दिसते. पिंपळाच्या पारावर, घाटाच्या कडेला, तडकलेल्या काचांच्या, ओलीने फुगलेल्या तसबिरी टेकवून लोक निघून जातात. ज्यांच्यापुढे एके काळी निरांजन लावले, त्यांच्यावर कावळे बसतात. आमची विनंती एवढीच, की तसबीर जीर्ण झाली तर नमस्कार करून चित्र चौकटीतून काढावे, काच आणि लाकूड निराळे करावे, आणि कागद तुळशीच्या किंवा झाडाच्या मातीत मिसळून द्यावा. हा आमचा अभिप्राय आहे, धर्मनिर्णय नव्हे.

अशी वेळ लवकर येऊ नये, यासाठी रे रोडच्या चिरंजीवांनी जे सांगितले ते गृहिणींच्या उपयोगी पडेल. काच चित्रास कधी चिकटू देऊ नये. पावसाळ्यात मुंबईची हवा आत शिरते, ओल धरते आणि कागद काचेला कायमचा चिकटतो. म्हणून चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची कड, तिला माउंट म्हणतात, घालावी. पाठीमागे स्वस्त हार्डबोर्ड थेट लावला तर त्यातील आम्लाने कागद काही वर्षांत पिवळा पडतो. मध्ये आम्लविरहित कागद असावा. समोरच्या खिडकीचे ऊन तसबिरीवर येऊ देऊ नये. तांबडा रंग आधी उडतो आणि निळाच मागे राहतो. ओल्या फडक्याने पुसू नये. हे ऐकताच आम्ही काकूंकडे पाहिले. भागवतातील स्नाननिषेध आणि वखारीतील कारागिराचा अनुभव एकाच ठिकाणी येऊन मिळाला होता.

मग आम्ही तो प्रश्न विचारला, जो आमच्या मनात पहिल्यापासून होता. “ही मुखपृष्ठे कोणत्या अंकांवरून काढलीत?”

“काढली नाहीत,” यजमान म्हणाले. त्यांनी लोखंडी कपाट उघडले. आत जुन्या सुती साडीत गुंडाळलेले अंक होते, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह. प्रत्येक अंक मुखपृष्ठासकट अखंड. नात उपयोजित कला शिकते; तिने मुखपृष्ठांची यंत्रावर प्रतिकृती घेऊन जाड कागदावर छापविली, घरापुरती एक एक. भिंतीवर प्रतिकृती, कपाटात अंक. काकू म्हणाल्या, “पान फाडायचं नाही, एवढी एकच अट मी घातली होती.”

वाचकहो, त्या क्षणी आम्हांस जमिनीने पोटात घ्यावे असे वाटले. त्याचे कारण सांगतो.

१९८४ साली आमचे लग्न झाले. त्र्यंबकच्या वाड्यात वरची खोली आम्हांस मिळाली, आणि तिच्या पांढऱ्या भिंती पाहून आम्हांस सौंदर्यदृष्टीचा उमाळा आला. आईची एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती. तिच्यात १९६० नंतरच्या दहाबारा वर्षांचे दिवाळी अंक तिने जपून ठेवले होते. घरात कीर्तनाच्या बिदागीवर चालणारा संसार. दरवर्षी एक अंक विकत घ्यावयाचा तर तिला भिशीतले पैसे बाजूला ठेवावे लागत. आम्ही तिला न विचारता दाढीच्या पात्याने चार मुखपृष्ठे कापली आणि नाशकास नेऊन मढवून आणली. मुखपृष्ठांवाचून उरलेले अंक उघडेबोडके दिसू लागले; त्यांच्यासह सारी ट्रंक रद्दीवाल्यास दिली. त्याच्या पैशांत तसबिरींचा अर्धा खर्च निघाला, याचा आम्हांस अभिमानही वाटला.

आई वर आली ती दिवाळीच्या पाडव्यास. तसबिरी पाहिल्या, चांगल्या झाल्या म्हणाली, आणि मग हळूच विचारले, “आतलं कुठं ठेवलंस?”

आतले म्हणजे काय, ते तेव्हा कळले. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईने त्या अंकांच्या समासांत पेन्सिलीने उतरून ठेवल्या होत्या. घरात कोरी वही नसे. असली तर ती आमच्या शाळेसाठी. कथेच्या दोन्ही बाजूंस पांढरी जागा मोकळी असते, तेथे बारीक अक्षरांत, दर दिवाळीस माहेरी गेली की आजीकडून ऐकून, तिने त्या लिहिल्या होत्या. आजी १९७३ साली गेली. आईने रद्दीवाल्याकडे जाऊन पाहिले; गठ्ठे केव्हाच पुढे गेले होते. नंतर जेव्हा जेव्हा आम्ही तिला ओव्या आठवावयास सांगितले, तेव्हा पाचसहा सांगून ती थांबे आणि म्हणे, बाकीच्या लिहून ठेवल्यात म्हणून पाठ नाही केल्या.

आम्ही व्युत्पन्न म्हणविणारे. लिखित आणि मौखिक परंपरेवर आम्ही व्याख्याने देतो. आणि आमच्याच घरची वाणी आम्ही किलोच्या भावाने विकली, ती चित्रांच्या हौसेपायी. म्हणून जुन्या बाजारात मुखपृष्ठे फाडून, निरनिराळी मढवून विकावयास ठेवलेली दिसतात, तेव्हा त्या रंगांकडे पाहताना आमची दृष्टी त्यामागील नसलेल्या पानांकडे जाते. कोणी म्हणेल, अंकाच्या इतर प्रती ग्रंथालयांत असतात. असतात, पण ग्रंथालयातील प्रतीच्या समासांत तुमच्या आजीच्या ओव्या नसतात. कोणा काकांनी कोड्याची उत्तरे भरलेली असतात, कोणी पाककृतीत साखर कमी करून लिहिलेली असते, कोणाच्या पानांत वाळलेले प्राजक्ताचे फूल असते.

भिंतीवर मुखपृष्ठ लावण्यास आमची हरकत नाही. उलट आनंद आहे. आज प्रतिकृती सहज निघतात. मात्र विकत घेणार असाल तर विक्रेत्यास एक प्रश्न अवश्य विचारावा, की चित्रकाराच्या वारसांची अनुमती घेतली आहे काय. आपल्या कायद्याने चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या चित्रावरील हक्क टिकतो. रविवर्मा १९०६ साली गेले, महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली. त्यांची चित्रे आता सर्वांची आहेत. दलाल १९७१ साली गेले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ च्या अखेरीपर्यंत आहे. मुळगावकर १९७६ साली. तेथे २०३६ पर्यंत. आणि तसबिरीखाली, बारीक अक्षरांत का होईना, चित्रकाराचे नाव, अंकाचे नाव आणि साल लिहावे. देवळातील मूर्तिकार अनामिक राहिले ती त्यांची वृत्ती होती. छापखान्यातील चित्रकारांनी कोपऱ्यात सही केलेली असते, आणि चौकट बसविताना नेमका तोच कोपरा पट्टीखाली जातो. रे रोडच्या चिरंजीवांनी चारही तसबिरींत सही दिसेल इतकी जागा सोडली होती.

निघताना काकूंनी एक अंक कपाटातून काढून आमच्या हाती दिला. “वाचत बसा गाडीत,” म्हणाल्या, आणि लगेच, “पण परत आणून द्या हो बुवा.” कोजागिरीस तो आम्ही परत केला.

त्र्यंबकास आल्यावर वरच्या खोलीतील चारपैकी उरलेली एकमेव तसबीर आम्ही भिंतीवरून उतरविली. बाकीच्या तीन ओलीने गेल्या. ही पणतीवाल्या स्त्रीची, दलालांच्या रेषेतील. एवढ्या वर्षांत ती आम्ही कधी उघडली नव्हती. रे रोडला ऐकले होते त्याप्रमाणे मागचा हार्डबोर्ड बदलावा म्हणून खिळे काढले. मुखपृष्ठाच्या पाठीवर कोणत्याशा तेलाची जाहिरात होती. तिच्या डोक्यावर मोकळ्या जागेत पेन्सिलीने, आईच्या अक्षरात, तिचे नाव, दिवाळीचे साल आणि खाली एक ओळ लिहिलेली होती. वाचून झाल्यावर अंक परत द्यावा.